सामोअन मताईचे चरित्र मराठीत कसे लिहावे

गेल्या पावसाळ्यात नाशिकमधील आमच्या छोट्या अभ्यासमंडळासमोर मी सामोआचे पहिले पंतप्रधान फिआमे मताआफा फाउमुइना मुलिनूउ दुसरे यांच्या जीवनावरचे एक टिपण वाचले. पहिल्याच वाक्यात मी त्यांना ‘लोतोफाङा गावचे पाटील’ म्हटले होते. श्रोत्यांमध्ये निफाड तालुक्यातील एक वयोवृद्ध गृहस्थ होते. त्यांच्या घरी एकेकाळी पाटीलकी होती. वाचन संपल्यावर त्यांनी शांतपणे विचारले, “सर, ह्यांना वतन कुणी दिलं होतं? आन् थोरला पोरगा नालायक निघाला तरी पाटीलकी त्याच्याच दारात राहायची का?” दोन्ही प्रश्नांची उत्तरे मला देता आली नाहीत, आणि ती शोधता शोधता ते टिपण मुळापासून पुन्हा लिहावे लागले. त्या पुनर्लेखनातून जी रीत हाती आली ती, अशा प्रकारचे चरित्र मराठीत लिहू इच्छिणाऱ्यांसाठी, येथे मांडतो. माझा मुख्य आग्रह एकच आहे. सामोअन राजकारणी हा मताई, म्हणजे कुळाने उपाधी देऊन निवडलेला प्रमुख, असतो. सामोअन राजकारण्याचे चरित्र लिहिताना आधी त्याच्या उपाधीचे आणि गावाचे चरित्र लिहावे लागते. माणूस त्यानंतर येतो.

आधी गाव

सामोआ हा दक्षिण प्रशांत महासागरातील, हवाई बेटे आणि न्यूझीलंड यांच्या साधारण मध्यावरचा देश आहे. उपोलू आणि सावाइई ही त्याची दोन मोठी बेटे असून राजधानी आपिया उपोलूच्या उत्तर किनाऱ्यावर आहे. आकाराची कल्पना द्यायची तर वाचकाच्या ओळखीचे माप वापरावे: एकट्या नाशिक जिल्ह्याच्या क्षेत्रफळात पाच सामोआ सहज मावतात, आणि सगळ्या देशाची सुमारे दोन लाखांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतील नाशिक शहराच्या लोकसंख्येच्या सातव्या हिश्शाइतकीच भरते. एवढ्या लहान देशात तीनशेहून अधिक गावे आहेत आणि प्रत्येक गावाला स्वतःची सभा, स्वतःचा मानक्रम आणि स्वतःचे नियम आहेत. म्हणून ‘सामोआतील एका गावात जन्म’ असे मोघम लिहून पुढे जाऊ नये. गाव कोणत्या बेटावर, कोणत्या किनाऱ्यावर आणि आपियापासून किती दूर आहे, हे पहिल्याच परिच्छेदात यावे. लोतोफाङा उपोलूच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे. १९९८ ते २०२१ अशी सलग २२ वर्षांहून अधिक काळ पंतप्रधान राहिलेल्या तुइलाएपा साइलेले यांचे लेपा गावही त्याच किनाऱ्याच्या पूर्व भागात येते. २९ सप्टेंबर २००९ च्या त्सुनामीने या भागाची मोठी हानी केली आणि लेपाही त्यातून सुटले नाही. तेव्हा देशाचा पंतप्रधान हा एका उद्ध्वस्त गावाचा मताईही होता, ही गोष्ट गाव नीट लिहिले असेल तरच वाचकाला भिडते.

गावाचे वर्णन करताना एक प्रश्न नाशिकचा वाचक हटकून विचारेल: जमीन किती, आणि सातबाऱ्यावर नाव कोणाचे? त्याचे उत्तर देणे चरित्रकाराचे कामच आहे, कारण त्यातच मताईपणाचा गाभा आहे. सामोआतील सुमारे ८० टक्के जमीन परंपरागत म्हणजे कुळांच्या मालकीची आहे, आणि ती विकता येऊ नये अशी तजवीज राज्यघटनेतच केलेली आहे. मताई ही जमीन कुळाच्या वतीने सांभाळतो. कोणी कुठे तारो (अळूचा कंद) लावायचा, कोणी कुठे घर बांधायचे, हे तो ठरवतो. तो गेला की तो अधिकार त्याच्या मुलाच्या नावे चढत नाही, तर उपाधीबरोबर पुढे जातो. त्यामुळे ‘अमुक एकर जमिनीचे मालक’ असे वाक्य सामोअन मताईविषयी लिहिता येत नाही.

गावाचा मानक्रम समजून घेण्यासाठी ‘फाआलुपेङा’ शोधावी. गावाला औपचारिक अभिवादन करताना त्या गावातील उपाध्या ठरलेल्या क्रमाने उच्चारण्याची ही पद्धत आहे. आपल्याकडे जत्रेत किंवा लग्नात मान कोणत्या घराला आधी, यावरून गावाची घडण जशी कळते, तशी फाआलुपेङेवरून तिथली गावकी कळते. ज्याचे चरित्र लिहायचे त्याची उपाधी या क्रमात कुठे येते, हे कळले की त्याच्या पुढच्या राजकीय वागणुकीचा बराचसा अर्थ लागतो.

नाव वाचण्याची रीत

मराठी लेखक परदेशी नाव पाहिले की शेवटचा शब्द आडनाव समजतो. सामोअन नावाच्या बाबतीत हा हिशेब उलटा आहे, कारण मताईची उपाधी नावाच्या आधी लागते. फिआमे मताआफा फाउमुइना मुलिनूउ दुसरे या नावात ‘मुलिनूउ’ हे व्यक्तिनाम आहे. आधीचे तिन्ही शब्द उपाध्या आहेत. त्यांपैकी फिआमे ही लोतोफाङाची, फाउमुइना ही आपियाजवळच्या लेपेआची, तर मताआफा ही उपोलूच्या पूर्व टोकाकडील आमाइले गावाशी जोडलेली, अवघ्या देशात सर्वोच्च मानल्या जाणाऱ्या चार उपाध्यांपैकी एक आहे. उरलेल्या तीन म्हणजे मालिएतोआ, तुपुआ तमासेसे आणि तुइमालेआलीइफानो. एका नावात तीन गावे नांदत आहेत, हे वाचकाला उलगडून सांगितले की चरित्राचा अर्धा पाया तिथेच घातला जातो.

त्यांच्या कन्या फिआमे नाओमी मताआफा २०२१ ते २०२५ या काळात पंतप्रधान होत्या. त्यांच्या नावातही ‘मताआफा’ आहे, पण ते व्यक्तिनामाच्या नंतर येते आणि आडनावासारखे चालते. त्यांची उपाधी ‘फिआमे’ ही आहे. तोच शब्द पित्याच्या नावात उपाधी आणि कन्येच्या नावात आडनाव आहे. शब्दाची जागा पाहिली नाही तर अशी चूक होते की ती पुढच्या प्रत्येक परिच्छेदात फिरत राहते. अकारविल्हे सूची करताना अशा व्यक्तीची नोंद उपाधीखाली करावी आणि व्यक्तिनामाखाली फक्त ‘पाहा’ असा निर्देश द्यावा.

दुसरी अडचण अशी की माणसाचे नाव आयुष्यात अनेकदा बदलते. १९७६ ते १९८२ या काळात तुपुओला एफी नावाचे पंतप्रधान होते. २००७ ते २०१७ या काळात राष्ट्रप्रमुख असलेले तुइआतुआ तुपुआ तमासेसे एफी ही तीच व्यक्ती. मधल्या काळात मोठ्या उपाध्या त्यांच्याकडे आल्या म्हणून नाव बदलले. जुन्या बातम्या वाचताना दोन माणसे वेगळी समजली जाण्याचा धोका इथे फार मोठा असतो. त्यावर उपाय म्हणून वहीच्या पहिल्याच पानावर नावांचा तक्ता करावा. डावीकडे वर्ष, मध्ये त्या वर्षी प्रचलित असलेले पूर्ण नाव, आणि उजवीकडे उपाधी कोणत्या गावाची व कोणाकडून आली, असे तीन रकाने पुरतात. चरित्रात घटना सांगताना त्या वर्षीचे नाव वापरावे, आणि नाव बदलते त्या ठिकाणी एका वाक्यात कारण द्यावे.

याच तक्त्यावरून उपाधीची वाटचाल मांडता येते, आणि ती अनेकदा माणसाच्या चरित्रापेक्षा अधिक बोलकी ठरते. तुपुआ तमासेसे ही एकच उपाधी घ्या. न्यूझीलंडच्या राजवटीविरुद्ध अहिंसक मार्गाने उभ्या राहिलेल्या ‘माऊ’ चळवळीचे नेते तुपुआ तमासेसे लेआलोफी तिसरे यांना २८ डिसेंबर १९२९ रोजी आपियात मोर्चाच्या वेळी पोलिसांची गोळी लागली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. उपाधी त्यांचे बंधू मेआओले यांच्याकडे गेली. १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा मालिएतोआ तानुमाफिली दुसरे यांच्यासह ते संयुक्त राष्ट्रप्रमुख झाले. त्यांच्यानंतर ती लेआलोफी तिसरे यांचे पुत्र लेआलोफी चौथे यांच्याकडे आली. ते १९७० ते १९७३ आणि पुन्हा १९७५–७६ मध्ये पंतप्रधान होते. त्यानंतर मेआओले यांचे पुत्र एफी यांच्याकडे. भाऊ, पुतण्या, चुलतभाऊ अशी ही वाट आहे, आणि ती सरळ बापाकडून लेकाकडे एकदाही गेलेली नाही. निफाडच्या काकांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला या तक्त्यात सापडले.

उच्चार देवनागरीत उतरवताना

या बाबतीत देवनागरी रोमनपेक्षा अधिक कामाची आहे, याचा मला मनापासून आनंद झाला. सामोअन लिखाणात ‘जी’ हे अक्षर येते तिथे उच्चार ‘ङ’ असा आहे. आपल्याला ‘वाङ्मय’ या शब्दातून तो ध्वनी परिचित आहे, मग ‘लोतोफागा’ किंवा ‘पागो पागो’ असे लिहून तो का गमवावा? ‘लोतोफाङा’ आणि ‘पाङो पाङो’ असेच लिहावे. वाचक प्रथम अडखळेल, म्हणून पहिल्या वापराच्या वेळी एक ओळ खुलासा द्यावा.

सामोअन शब्द नेहमी स्वरावर संपतो. मराठीत मात्र शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण उच्चारत नाही. ‘लोतोफाङ’ लिहिले तर मराठी जीभ शेवटचा स्वर खाऊन टाकील, म्हणून अशा ठिकाणी काना द्यावा: आइङा, मोनोताङा, ङाफा. शब्दाच्या मध्ये येणारा कंठ्य थांबा रोमन लिखाणात उलट्या स्वल्पविरामासारख्या चिन्हाने दाखवतात. मराठीत तो सुटे स्वर लिहून बऱ्यापैकी दाखवता येतो, जसे मताआफा, सावाइई, साओफाई. जुन्या इंग्रजी वृत्तपत्रांत हे चिन्ह बहुधा गाळलेले असते, त्यामुळे त्याच नावाचे दोन-तीन वर्णलेखन आढळतील. एक ठरवावे आणि टिपणभर तेच पाळावे.

मताईला पाटील का म्हणू नये

आता माझ्या मूळ चुकीकडे येतो. महाराष्ट्रातील पाटीलकी हे वतन होते. ते राजसत्तेने दिलेले, वारसाहक्काने चालणारे आणि महसूल गोळा करण्याच्या जबाबदारीशी बांधलेले होते. १९६२ च्या कायद्याने महसुली पाटलांचे हे वंशपरंपरागत पद राज्यात रद्द केले, आणि पुढे १९६७ च्या कायद्याने आलेला पोलीस पाटील हा शासनाने नेमलेला माणूस आहे. १ मे १९६२ रोजी आपल्याकडे जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्याच वर्षी, १ जानेवारी १९६२ रोजी, सामोआ स्वतंत्र झाला आणि त्याने नेमकी उलट वाट धरली. आपण गावच्या वंशपरंपरागत अधिकाराला कायद्याने बाजूला सारत होतो, तेव्हा त्यांनी मताईला आपल्या संसदेचा पायाच केले. या दोन वाटा शेजारी शेजारी ठेवल्या की नाशिकच्या वाचकाला फरक एका दमात कळतो. पण एकाचे नाव दुसऱ्याला दिले की तो फरकच पुसला जातो.

मताईची उपाधी कोणतेही सरकार देत नाही. ती ‘आइङा’ देते. आइङा म्हणजे विस्तारलेले कुळ. पण त्यासाठी ‘भावकी’ हा शब्दही पुरा पडत नाही, कारण भावकी पुरुषाच्या बाजूने चालते, तर आइङेत मुलींच्या वंशजांनाही बोलण्याचा आणि उपाधी मागण्याचा हक्क असतो. कुळातील लोक बसतात, चर्चा करतात, ती कधी महिने-महिने चालते, आणि एकमत झाले की ‘साओफाई’ नावाच्या समारंभात, आवा या पेयाच्या विधीसह, उपाधी दिली जाते. मोठा मुलगा असणे हे कारण पुरेसे नसते. पुरेसे कारण असते ते सेवा, म्हणजे ‘ताउतुआ’. ‘ओ ले आला इ ले पुले ओ ले ताउतुआ’ अशी सामोअन म्हण आहे. अधिकाराकडे जाणारी वाट सेवेतून जाते, असा तिचा अर्थ. तरुणाने आपल्या मताईच्या घरी स्वयंपाक करणे, मासे आणणे, शेतात राबणे, समारंभात वाढपी म्हणून उभे राहणे, कमावता झाल्यावर कुळाच्या कार्यासाठी पैसे पाठवणे, हे सगळे त्या सेवेत येते. म्हणून चरित्रात शिक्षण आणि नोकरी यांच्याआधी, निदान त्यांच्याबरोबरीने, या माणसाने कोणाची सेवा केली हे यायला हवे. मराठीतील परदेशी नेत्यांच्या चरित्रटिपणांत हा भाग बहुतेक वेळा गळतो आणि एकदम ‘निवडून आले’ असे वाक्य येते.

मताईचे दोन मुख्य प्रकारही लिहावेत. ‘आलीई’ हा मानाचा प्रमुख, तर ‘तुलाफाले’ हा वक्ता. हातात लांब काठी आणि खांद्यावर काथ्याची चवरी घेऊन तो गावाच्या वतीने बोलतो, वंशावळी आणि जुने संदर्भ मुखोद्गत ठेवतो. सभागृह बहुधा गोल किंवा लंबगोल, बिनभिंतींचे, खांबांवर उभे असते आणि कोणी कोणत्या खांबाला टेकून बसायचे हे उपाधीनुसार ठरलेले असते. गावसभेला ‘फोनो’ म्हणतात. ती दंड करू शकते, गावाबाहेरही घालवू शकते. १९९० च्या ग्रामसभा कायद्याने तिच्या अधिकारांना लेखी मान्यता दिली. फोनोला ‘ग्रामपंचायत’ म्हणण्याचा मोह होईल, पण ग्रामपंचायतीत मतपेटीतून सदस्य येतात आणि फोनोत उपाध्या बसतात. ‘मताई’, ‘फोनो’, ‘आइङा’ हे तीन शब्द मूळ रूपात ठेवावेत, पहिल्यांदा समजावून सांगावेत आणि मग निर्धास्तपणे वापरावेत. मराठी वाचकाने ‘समुराई’ आणि ‘सुलतान’ पचवले आहेत. त्याला हे तीन शब्द जड जाणार नाहीत.

निवडणुकीविषयी लिहिताना

पूर्वतयारीशिवाय इथे सर्वाधिक चुका होतात, म्हणून चार कालखंड मनात पक्के करावेत. १९०० ते १९१४ जर्मन राजवट. १९१४ पासून न्यूझीलंडची. १९६२ पासून स्वातंत्र्य. आणि १९९० च्या सार्वमतानंतरचा काळ. शेवटची सीमारेषा चरित्रकाराला फार महत्त्वाची आहे. १९९० पर्यंत संसदेच्या बहुतेक सर्व जागांसाठी मतदानाचा हक्क फक्त मताईंना होता. सामोअन वंशाबाहेरच्या मतदारांसाठी दोन जागा वेगळ्या होत्या. पंतप्रधान तोफिलाउ एती आलेसाना यांच्या सरकारने १९९० मध्ये सार्वमत घेतले, ते थोड्या फरकाने मंजूर झाले, आणि १९९१ च्या निवडणुकीपासून २१ वर्षांवरील सर्वांना मत मिळाले. उभे राहण्याचा हक्क मात्र आजही मताईलाच आहे.

यातून लिखाणाचा एक काटेकोर नियम निघतो: १९९१ च्या आधी निवडून आलेल्या माणसाविषयी ‘जनतेने निवडून दिले’ किंवा ‘प्रचंड लोकप्रिय’ असे लिहू नये. त्याला मतदारसंघातील मताईंनी निवडले होते. कधी ती संख्या काही शेकड्यांची असे, आणि अनेक ठिकाणी मतदानापूर्वीच एकमताने नाव ठरे. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत मते वाढवण्यासाठी नव्या उपाध्या भराभर वाटल्या गेल्या. अशांना ‘मताई पालोता’, म्हणजे मतपत्रिकेपुरते मताई, म्हटले जाई. एखाद्या चरित्रनायकाला त्या काळात उपाधी मिळाली असेल तर ती कोणत्या प्रकारची होती हे तपासावे, आणि पुरावा असल्याशिवाय कोणावर हा शिक्का मारू नये.

पक्षांबाबतही काळ पाहावा. मानवी हक्क संरक्षण पक्ष १९७९ मध्ये स्थापन झाला आणि पुढे जवळजवळ चार दशके सत्तेत राहिला. त्यापूर्वीच्या नेत्यांना ‘अमुक पक्षाचे’ म्हणणे चूक आहे. फिआमे मुलिनूउ १९५९ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीच, पंतप्रधान झाले, १९७० मध्ये पायउतार झाले, १९७३ मध्ये परत आले आणि २० मे १९७५ रोजी पदावर असतानाच वारले. या संपूर्ण काळात त्यांच्यामागे पक्ष नव्हता. होत्या त्या उपाध्या, नातीगोती आणि स्वातंत्र्याच्या वाटाघाटींतून मिळालेला विश्वास. त्यांचे वडील माऊ चळवळीच्या नेत्यांपैकी होते, हेही त्या विश्वासाचे एक मूळ आहे.

उमेदवाराला गावाची ‘मोनोताङा’, म्हणजे गावाला नियमित द्यायची वर्गणी आणि सेवा, पुरी केल्याचे दाखवावे लागते, आणि निवडणुकीनंतर या मुद्द्यावर न्यायालयात अर्ज होतात. भेटवस्तू ही तिथल्या समाजजीवनाची रीत असल्याने लाच कुठे संपते आणि मानपान कुठे सुरू होते, यावर न्यायालयांत खूप खल झालेला आहे. आपल्या वाचकाला ही चर्चा ओळखीची वाटेल. पण ओळखीची वाटते म्हणून आपल्या गावच्या निवडणुकांवरची मते त्या चरित्रात घालू नयेत.

स्त्रियांचा उल्लेख स्वतंत्र शेपटासारखा जोडू नये. स्त्री मताई होऊ शकते, पण काही गावे आजही स्त्रियांना उपाधी देत नाहीत किंवा फोनोत बसू देत नाहीत. २०१३ च्या घटनादुरुस्तीने संसदेत किमान दहा टक्के स्त्रिया असाव्यात असे ठरवले, आणि २०२१ च्या निवडणुकीनंतर ५१ जागांचे दहा टक्के म्हणजे पाच की सहा, या प्रश्नावर सारा देश अडून बसला. त्या वर्षी २४ मे रोजी संसदेला कुलूप असल्याने फिआमे नाओमी यांचा शपथविधी आवारात उभारलेल्या तंबूत झाला, आणि जुलैमध्ये अपील न्यायालयाने तो वैध ठरवला. हा प्रसंग लिहिताना तंबूचे चित्र रंगवण्यापेक्षा आधी त्या अंकगणिताची बाजू समजावून सांगावी. चित्राला अर्थ त्यातून येतो.

तंटे, कागद आणि तारखा

उपाधीवरून तंटा होतोच. त्यासाठी जर्मन काळापासून, १९०३ पासून, जमीन आणि उपाधी न्यायालय आहे. तिथे परंपरेने वकील उभे राहत नाहीत. दावेदार स्वतः आपली ‘ङाफा’, म्हणजे वंशावळ, मांडतात. दोन घरांच्या ङाफा एकमेकींशी जुळत नाहीत, आणि चरित्रकाराने त्यांतली एक खरी ठरवून टाकू नये. न्यायालयाचा निकाल सांगावा, दुसऱ्या बाजूचा दावाही एका वाक्यात नोंदवावा.

ज्याला या कामाचा सराव हवा असेल त्याने आधी नाशिकमध्येच करावा. पंचवटीत रामकुंडाजवळ तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळ्या आहेत. आपल्याच घराण्याची नोंद काढून पाहावी, घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या वंशावळीशी ती ताडून पाहावी, आणि कुठे नावे गळली, कुठे दत्तक गेलेला मुलगा दोन्हीकडे आला, कुठे लेकींची नावे आलीच नाहीत, हे टिपावे. एवढा अभ्यास केलेल्या माणसाला ङाफेचे स्वरूप वेगळे शिकवावे लागत नाही. त्यापुढचा सराव म्हणून दिंडोरी तालुक्यातील आंबे गावी १९०२ मध्ये जन्मलेल्या दादासाहेब गायकवाडांवर एक पान लिहावे. लोकसभा आणि राज्यसभेच्या वर्षांनी सुरुवात केली तर काळाराम मंदिराचा सत्याग्रह शेवटी ढकलला जातो आणि माणूस हरवतो. गावापासून सुरुवात केली तर सगळे जागेवर बसते.

साधनांपैकी न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने खुली केलेली जुनी वृत्तपत्रे आणि ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने उपलब्ध करून दिलेले ‘पॅसिफिक आयलंड्स मंथली’ या मासिकाचे अंक घरबसल्या वाचता येतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मजकूर मात्र राज्यकर्त्यांच्या बाजूने लिहिलेला आहे, हे विसरू नये. माऊ चळवळीला त्यात अनेकदा उपद्रव म्हटलेले आढळेल. १९१८ च्या साथीबद्दलचा सूरही सावध असतो. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी ऑकलंडहून ‘तालुने’ हे जहाज आजारी प्रवाशांसह आपियाला लागले, विलगीकरण झाले नाही आणि देशातील सुमारे एक पंचमांश माणसे गेली. आपल्याकडे जी मानमोडीची साथ म्हणून जुन्या पिढीच्या तोंडी होती, तीच ही. त्यात ज्येष्ठ मताई मोठ्या संख्येने गेल्याने अनेक उपाध्या अकाली तरुणांकडे आल्या, आणि राज्यकर्त्यांवरचा राग पुढे माऊ चळवळीला मिळाला. १९०० ते १९२५ च्या दरम्यान जन्मलेल्या कोणाचेही चरित्र लिहिताना या साथीत त्या घरातले कोण गेले, हे पाहिलेच पाहिजे. २००२ मध्ये न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी या साथीतील हलगर्जीपणाबद्दल आणि १९२९ च्या गोळीबाराबद्दल सामोआची माफी मागितली.

तारखांचा एक सापळा मुद्दाम सांगतो. १८९२ पासून २०११ च्या डिसेंबरपर्यंत सामोआ आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या अमेरिकेकडील बाजूस होता, म्हणून तिथली तारीख न्यूझीलंडच्या एक दिवस मागे असे. आपियात गोळीबार झाला तो शनिवार होता, तर वेलिंग्टनमध्ये त्या वेळी रविवार उजाडलेला होता. त्यामुळे न्यूझीलंडमधील बातमीतल्या ‘काल’वरून तारीख काढली तर ती चुकते, नेहमी स्थानिक तारीख धरावी. २०११ मध्ये देशाने वाररेषेची बाजू बदलली तेव्हा ३० डिसेंबर हा दिवस तिथे उगवलाच नाही. त्या दिवशी सामोआत काही घडल्याची नोंद कुठे दिसली तर ती निःसंशय चुकीची समजावी. स्वातंत्र्यदिनाचेही असेच आहे. देश १ जानेवारीला स्वतंत्र झाला, पण उत्सव १ जूनला होतो. १ जूनच्या भाषणावरून स्वातंत्र्याची तारीख ठरवू नये. नाशिकच्या वाचकासाठी शेजारी एखादी ओळखीची तारीख ठेवली तर काळ मनात बसतो: आपियातील गोळीबारानंतर सुमारे दोन महिन्यांनी, २ मार्च १९३० रोजी, काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला.

शेवट कुठे करावा

मराठी चरित्रटिपणाचा शेवट सहसा निधनाच्या तारखेने होतो. मताईच्या बाबतीत तो अपुरा राहतो, कारण माणूस गेला तरी उपाधी तिथेच असते आणि कुळ लगेच नव्या चर्चेला बसते. फिआमे मुलिनूउ गेले तेव्हा नाओमी अठरा वर्षांच्या होत्या आणि वेलिंग्टनमध्ये शिकत होत्या. उपाधीवरून तंटा झाला, त्या परतल्या, आणि १९७८ मध्ये फिआमे उपाधी त्यांच्याकडे आली. १९८५ मध्ये त्या लोतोफाङातून निवडून आल्या आणि १९९१ मध्ये देशाच्या पहिल्या महिला मंत्री झाल्या. हा भाग पित्याच्या चरित्रातच यायला हवा, कारण १९७५ ते १९७८ ही तीन वर्षे त्यांच्या उपाधीच्या इतिहासाचा भाग आहेत.

म्हणून टिपणाच्या शेवटी निधनाची नोंद करून थांबू नये. त्याखाली उपाधीच्या पुढच्या धारकाचे नाव, साओफाईचे वर्ष आणि उपाधी न्यायालयातून आली की कुळाच्या एकमताने, एवढे लिहावे. माणसाकडे एकाहून अधिक उपाध्या असतील तर प्रत्येक उपाधीसाठी वेगळी ओळ घ्यावी, कारण त्या एकाच वारसाकडे जातील असे नसते. आणि ज्या उपाधीचा धारक अजून ठरलेला नसेल तिच्यापुढची जागा कोरी ठेवावी.